अहवाल हाती येईपर्यंत

प्रश्न :

ताई, नमस्कार.

मी ४७ वर्षांची. कोपरखैरण्यात राहते, रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. गेले आठ-नऊ महिने पाळी आली की दहा-बारा दिवस अंगावरून जातं, गुठळ्या पडतात. चार महिने हार्मोनच्या गोळ्या घेतल्या. बंद केल्या की पुन्हा तेच. हिमोग्लोबिन ८.२ वर आलं. सोनोग्राफीत पिशवीच्या भिंतीत ७ सेंटिमीटरची गाठ निघाली आणि आतलं अस्तर १६ मिलिमीटर. मग बायोप्सी केली, त्यावर ‘हायपरप्लेझिया विदाउट ॲटिपिया’ असं लिहिलंय. सीए-१२५ ची रक्ततपासणी ६२ आली, ती ३५ च्या आत हवी असते म्हणे.

आमच्या डॉक्टर बाई चांगल्या आहेत, पण बाहेर चाळीस बायका बसलेल्या असतात. त्या म्हणाल्या, “घाबरण्यासारखं वाटत नाही. तरी पिशवी काढून तपासायला पाठवू, मग नक्की सांगता येईल.” ऑपरेशन दुर्बिणीतून होणार आहे. रक्त वाढवायला लोहाची सलाइनं चालू आहेत, म्हणून तारीख तीन आठवड्यांनंतरची दिलीय.

ते ‘मग नक्की’ कानातून जात नाही. मिस्टरांची तुर्भ्याला रात्रपाळी असते. रात्री मी एकटी मोबाईलवर वाचत बसते. अस्तर ४ मिलिमीटरच्या वर गेलं तर धोका, असं त्यात होतं, माझं तर १६. माझी मावशी १९९६ मध्ये गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेली. मी तेव्हा कॉलेजात होते, तिचे शेवटचे महिने मी पाहिलेत. मुलगी बारावीला आहे, तिला ‘छोटंसं ऑपरेशन’ एवढंच सांगितलंय. सासूबाई म्हणतात, सगळ्यांच्याच निघतात पिशव्या, त्यात काय एवढं.

हे तीन आठवडे कसे काढू? आणि तसलं काही निघालंच तर? मुलीला सांगू की नको?

— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर :

अख्ख्या पत्रात तो शब्द तुम्ही एकदाच लिहिलात, तोही मावशीच्या बाबतीत. स्वतःवर आल्यावर ‘तसलं काही’. ठाण्याच्या एका रुग्णालयात मी ३१ वर्षं स्त्रीरोग विभागात सिस्टर होते, आणि हे ‘तसलं काही’ मी किती तोंडून ऐकलंय! सकाळच्या राउंडला डॉक्टरांसमोर बायका गप्प असायच्या. रात्री दोनला पाणी प्यायच्या निमित्ताने टेबलाशी यायच्या आणि विचारायच्या, “सिस्टर, माझं काय निघेल हो?” तेव्हा आधी तो शब्द उच्चारू या. तुम्हाला कॅन्सरची भीती वाटतेय. घरात कुणीतरी तो सरळ उच्चारला की निदान त्याच्याबद्दल बोलता येतं.

मी डॉक्टर नाही. पण तुम्ही पाठवलेले आकडे मी आयुष्यभर वाचत आले, त्यामुळे कोणत्या आकड्याला किती घाबरायचं हे मी सांगू शकते.

पहिलं ते ४ मिलिमीटर. ते माप पाळी कायमची थांबलेल्या बायकांसाठी आहे. पाळी गेल्यावर अस्तर पातळ राहायला हवं, म्हणून त्यांना रक्त दिसलं आणि अस्तर ४ च्या वर असलं की पुढे तपासतात. तुमची पाळी चालू आहे. चालू पाळीत अस्तर महिनाभर वाढत जातं, पाळीच्या आधी १६ मिलिमीटर दिसणं हे निरोगी बाईतही होतं. दुसऱ्या बाईची पट्टी लावून तुम्ही रात्र-रात्र स्वतःला मोजत बसलात, याचं मला फार वाईट वाटलं.

सीए-१२५ चंही तसंच. हा आकडा पिशवीतल्या साध्या गाठींनी वाढतो, एंडोमेट्रिऑसिसने, म्हणजे अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढल्या तर वाढतो, पाळीच्या दिवसांत रक्त दिलं तरी वाढतो. पाळी चालू असलेल्या बाईत ६२ या एकट्या आकड्यावरून कॅन्सर ठरवता येत नाही.

आता बायोप्सी, कारण सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. हायपरप्लेझिया म्हणजे अस्तर गरजेपेक्षा जास्त वाढलंय. पुढचे दोन शब्द महत्त्वाचे, ‘विदाउट ॲटिपिया’, म्हणजे पेशींचा आकार-उकार बिघडलेला नाही. अशा अस्तराचं पुढे २० वर्षांत कॅन्सरमध्ये रूपांतर होण्याचं प्रमाण १०० बायकांत ५ पेक्षाही कमी आहे. ‘विथ ॲटिपिया’ असतं तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं. त्या कागदाची झेरॉक्स काढा आणि ते दोन शब्द पेनने अधोरेखित करून ठेवा.

आणि मावशी. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ मध्ये नोबेल मिळालं. आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे उतरणारा तो आजार नाही. तुमची गाठ भिंतीत आहे, वाढ अस्तरात आहे, मावशीचा आजार पिशवीच्या तोंडाशी होता. ऑपरेशनआधी पॅप तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी झाली आहे ना, तेवढं विचारा. मात्र घरात कुणाला आतड्याचा, स्तनाचा, अंडाशयाचा किंवा पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर झाला असेल, विशेषतः पन्नाशीच्या आत, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. तो इतिहास वेगळा मोजतात.

मग डॉक्टर ‘मग नक्की’ का म्हणाल्या? कारण त्या खरं बोलल्या. बायोप्सीत अस्तराचा थोडा भाग येतो. भिंतीतली गाठ त्यात येतच नाही, ती काढून कापून पाहिल्यावरच कळते. अशा गाठी अतिशय सर्रास असतात आणि जवळजवळ सगळ्याच साध्या निघतात. साधी गाठ म्हणून ऑपरेशन केलं आणि आत सार्कोमा नावाचा कॅन्सर निघाला, असं साधारण ३५० बायकांत एकीच्या बाबतीत होतं, असा अंदाज अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये दिला. त्याच वेळी त्यांनी एक इशाराही दिला होता, आणि तुमचं ऑपरेशन दुर्बिणीतून आहे म्हणून तो इथे लिहिते. डॉक्टरांना विचारा, “पिशवी अख्खी बाहेर काढणार की पोटातच यंत्राने तुकडे करून?” आत तुकडे केले आणि गाठ खराब असली तर ती पोटात पसरू शकते. हे विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

यात एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. तुमचं ऑपरेशन कॅन्सरसाठी नाही, रक्तस्रावासाठी आहे. ‘पिशवी ठेवलीत तर कॅन्सर होईल’ एवढ्या एका वाक्यावर आपल्या राज्यात कितीतरी बायकांच्या पिशव्या निघाल्या. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिशी-पस्तिशीतल्या बायका होत्या त्या, अजून आठवलं की जीव तुटतो. नुसत्या भीतीपोटी काढायचा अवयव नव्हे तो. पण तुमचं हिमोग्लोबिन ८.२ आहे, गोळ्या चार महिने घेऊन झाल्या, गाठ ७ सेंटिमीटरची आहे. तुमच्यापाशी धडधडीत कारण आहे. पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन किंवा नुसती गाठ काढणं माझ्या बाबतीत का चालणार नाही, एवढं एकदा विचारून घ्या, म्हणजे पुढे मनात किंतु राहणार नाही. आणि अंडाशयांचं काय करणार हेही. काही खराब नसेल तर तुमच्या वयात ती सहसा ठेवतात, नळ्या मात्र काढतात, कारण अंडाशयाच्या कॅन्सरपैकी बरेचसे नळ्यांतच सुरू होतात असं आता दिसून आलंय. सहीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचूनच सही करा.

आता तुमचा खरा प्रश्न, तीन आठवडे कसे काढायचे.

माझे १९ दिवस होते. २०११ साल, मी ५६ वर्षांची, नोकरीत होते. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि एका सकाळी ड्युटीवर जाताना डाग दिसला. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर साधारण दहातल्या एकीला अस्तराचा कॅन्सर निघतो हे मला तोंडपाठ होतं. इतरांना मी ते नेहमी उलटं सांगायचे, “अहो, दहातल्या नऊ जणींना काही नसतं.” स्वतःला मात्र ती एकच दिसत होती. ज्यांच्याकडे तपासायला गेले ते म्हणाले, “बघू काय निघतंय.” मीही असं कितीदा म्हटलं असेल! घरी आले आणि फाईल लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली. रात्री झोप येईना तेव्हा डबे घासायचे. डाळींचे, पिठांचे, नंतर वर माळ्यावरचे, जे दिवाळीलाच खाली येतात ते. रोज पहाटे फिरायला म्हणून तलावपाळीला जायचे, मासुंद्याच्या काठाला बसायचे आणि बँकेच्या पासबुकांचा हिशेब मनात लावायचे. मुलाला काय कुठे आहे ते सापडेल ना, हे.

बाराव्या दिवशी मुलगा लोणचं काढायला गेला आणि फाईल त्याच्या हाताला लागली. तो २४ वर्षांचा होता. ओरडला नाही. फाईल ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, “तू मरणार असं मला वाटत होतं गेले दहा दिवस. कारण तू डबे घासतेस आणि कुणाशी बोलत नाहीस.” मी त्याला वाचवायला लपवत होते आणि त्याने माझ्या कागदापेक्षा वाईट काहीतरी स्वतःच्या मनाने रचलं होतं.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आधी देते, सांगा मुलीला. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला घरातली हवा कळते. तुमचा पांढरा चेहरा, हाताला सलाइनचं बँडेज, रात्री तीनला स्वयंपाकघरातला दिवा, हे सगळं ती पाहतेय. तिला काळजीत लोटायचं नाही, तर आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं. “गाठ आहे, रक्त फार जातंय म्हणून पिशवी काढायची आहे. बायोप्सी चांगली आलीय. काढल्यावर पुन्हा तपासतील, आठ-दहा दिवसांनी अहवाल येईल, आला की त्याच दिवशी तुला सांगेन.” शेवटचं वाक्य पाळा. मुलांना वाईट बातमीपेक्षा लपवलेली बातमी जास्त त्रास देते. मग तिला एखादं काम द्या, फाईल तारखेवार लावायचं द्या, बारावीची मुलं ते छान करतात. अभ्यास बुडेल म्हणून घाबरू नका, आता तिचं अर्धं लक्ष तुमच्याकडेच आहे.

रात्रीचा मोबाईल बंद करा. ‘कमी करा’ असं मी म्हणत नाही. अकरा वाजले की तो मुलीच्या खोलीत चार्जिंगला जाऊ दे. मोबाईल तुमचं वय विचारत नाही, पाळी चालू आहे की गेली तेही विचारत नाही, म्हणून तर त्याने तुम्हाला ४ मिलिमीटर सांगितलं. त्याऐवजी उशाशी एक वही ठेवा. रात्री जो प्रश्न मनात येईल तो तिथे लिहायचा आणि वही मिटायची. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे ती वही आणि मिस्टर, दोघांनाही घेऊन जा. बाहेर चाळीस जणी बसल्या असल्या तरी ‘मॅडम, माझे पाच प्रश्न आहेत’ असं आल्या-आल्या सांगितलं की डॉक्टर पेन खाली ठेवतात. उठता-उठता विचारलेला प्रश्न वाया जातो. मिस्टरांना काम द्या, उत्तरं त्यांनी लिहायची. पुरुषांना अशा वेळी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून ते गप्प होतात आणि आपल्याला वाटतं यांना काहीच नाही. रात्रपाळीवरून सकाळी घरी आले की चहाच्या वेळी दहा मिनिटं त्यांच्याशी याच विषयावर बोला. दिवसाउजेडी बोललेली भीती रात्री तेवढी अंगावर येत नाही, हा माझा अनुभव आहे.

सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या पिढीला धीर देण्याची तीच रीत ठाऊक होती. त्यांनी देवापाशी दिवा लावला तर लावू द्या, फक्त कुणी दिलेला काढा किंवा चूर्ण डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, काहींनी रक्त पातळ होतं. आणि शेजारणी, नातेवाईक ‘माझ्या जावेचं पण असंच होतं, नंतर...’ अशी सुरुवात करतील. तिथेच थांबवायचं. “माझा अहवाल आला की बोलू या.” हे वाक्य मी सात-आठ जणींना ऐकवलं, कुणीही रागावलं नाही.

भीती अजिबात वाटू नये असा प्रयत्न मात्र करू नका. तो जमत नाही, आणि जमला नाही की आपण कमकुवत आहोत असं वाटायला लागतं. मला संध्याकाळी पाच ते साडेपाच गॅलरीत बसून मनसोक्त घाबरायला कुणी हरकत घेतली नसती, हे फार उशिरा सुचलं. तुम्ही रबाळ्याहून सुटून घरी पोचलात की अर्धा तास तसा काढा. रडू आलं तर रडा. मग उठून कुकर लावा.

एक गोष्ट मात्र तारखेपर्यंत थांबायची नाही. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास झालं, किंवा चक्कर आली, धाप लागली, छातीत धडधडलं, तर रात्र असो की सुट्टी, सरळ रुग्णालयात जा.

आणि निघालाच कॅन्सर तर? तुम्ही विचारलंय, तेव्हा उत्तर चुकवणार नाही. माझा निघाला. अस्तराचा, पिशवीपुरताच, बाहेर पसरलेला नव्हता. तुमची आणि माझी गोष्ट एक नाही, माझी पाळी गेलेली होती आणि तुमची बायोप्सी साफ आहे. पण अहवाल हाती आला त्या दिवशी दुपारी मी खूप रडले आणि त्या रात्री झोपले. तपासणीला गेल्यापासून पहिल्यांदा सलग सहा तास. आता काय करायचं ते ठरवता येत होतं. अस्तराचा कॅन्सर रक्त दाखवून लवकर कळवतो आणि पिशवी काढणं हाच त्याचा मुख्य उपचार आहे. पिशवीपुरता असताना सापडला तर १०० पैकी सुमारे ९५ बायका पाच वर्षांनंतर जिवंत असतात, असं अमेरिकेतल्या नोंदी सांगतात. मला १४ वर्षं झाली. सार्कोमा त्याहून अवघड, हे खरं आहे. पण तो ३५० त एक, आणि त्याच्यासाठी आज रात्री जागून काहीही हाती लागणार नाही.

‘टाटाला दाखवा’ हे शब्द आपल्याकडे दबक्या आवाजात बोलतात. १९४१ पासून परळला उभं आहे ते रुग्णालय, आणि त्यांचंच ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र तुमच्या जवळ खारघरला आहे. तुम्ही पनवेल गाडीत बसलात की खारघरलाच उतरायचं. गरज पडली तर ‘स्लाइड आणि ब्लॉक’ मागून घ्यायचे. काढलेल्या पिशवीचे तुकडे मेणात घालून ठेवतात, तो ब्लॉक; त्याचा पातळ काप काचेवर लावतात, ती स्लाइड. त्यावरून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासता येतं, पुन्हा कापावं लागत नाही. हे आधीच कळलेलं बरं, म्हणून लिहिलं.

अहवाल घ्यायला एकट्या जाऊ नका आणि तो रात्री मोबाईलवर मागवू नका. मिस्टरांनी त्या दिवशी सुट्टी घ्यावी. दोघांनी सकाळी जाऊन डॉक्टरांसमोर पाकीट उघडायचं.

ऑपरेशनच्या दिवशी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढायला सांगतील. ती पर्समध्ये किंवा लॉकरमध्ये टाकू नका. मुलीच्या हातात द्या आणि शुद्धीवर आल्यावर तिच्याकडूनच मागून घ्या. आमच्या वॉर्डात ज्यांनी असं केलं त्या बायका थिएटरकडे जाताना मागे वळून मुलीकडे बघत जायच्या, आणि मुलगी मूठ घट्ट धरून दाराशी उभी राहायची.

निकाल कळला की मला दोन ओळी लिहा, काहीही असला तरी.